शेराची वई

आमच्या घरात न्हाणीघर होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकीकत ऐकून लोकांना वाटतं की ते नसावं. वाशिंदच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर वडिलांनी शहापूरच्या बाहेर, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लहानसं घर बांधलं. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं. न्हाणीघराला पांढऱ्या फरशा, पितळी नळ आणि आतून लावायची भक्कम कडी होती. वडिलांना घरातल्या कशापेक्षाही त्या कडीचा अभिमान जास्त. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला कडी लावून आणि काढून दाखवली जाई.

आईनं त्या न्हाणीघरात एकदा आंघोळ केली, बाहेर आली आणि डोकं पुसत म्हणाली, "पेटीत बसून पानी घेतल्यावानी वाटतं."

आईचं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. तिथे बायका ओहळावर आंघोळ करायच्या. उजाडायच्या आत, अंगावरचं लुगडं न सोडता, कारण ओहळाच्या काठानेच लोकांची पायवाट होती. सासरी ओहळ नव्हता, विहीर होती. पायवाट मात्र तिथेही होती. मग वाशिंदच्या चाळीत मोरी आली, तिला अर्धं दार होतं. अशी पन्नाशी उलटली. उन्हात बसून, पाठ उघडी टाकून, कुणी येईल याची धास्ती न बाळगता सावकाश आंघोळ करायची, एवढं एक तिने आयुष्यात केलं नव्हतं. आणि आता स्वतःचं मागचं अंगण मिळाल्यावर तिला तेवढंच करायचं होतं.

तिची मागणी साधी होती. मागच्या अंगणात आंघोळीला बसायचा एक पाथर, तीन दगडांची चूल आणि भोवती वई. आमच्याकडे कुंपणाला वई म्हणतात.

वडिलांचा वईला तात्त्विक विरोध होता. वडील बोलणारे होते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा ते शाळकरी वयात होते, आणि तेव्हापासून वस्तीतल्या प्रत्येक सभेत त्यांनी भिंतींविरुद्ध भाषण केलेलं होतं. भाषण चांगलं असे, पण त्याला घरात दाद मिळत नसे. ते म्हणाले, "आपल्या किती पिढ्या गावकुसाच्या बाहेर गेल्या, ठाऊक आहे ना? आणि आता आपणच कूस घालून बसायचं?"

"आन् तुमी आंघोळीला कडी लावता ती?" आई म्हणाली. "ती काय सभेला इचारून लावता?"

वडिलांनी वर्तमानपत्र उघडलं. आमच्या घरात ठराव असाच मंजूर होत असे.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला जो रोग असतो तो मलाही होता. कोणत्याही कामाआधी मला त्याचे पर्याय मांडायला आवडत. मी पत्र्यांचं सुचवलं. आई म्हणाली, पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात बोंबलतो. मी काटेरी तारेचं सुचवलं. तिने मला विचारलं, "तारेतून मानूस नाय जात, नजर जाते का नाय?" मी मेंदीचं म्हटलं, तर शेजारच्या बकऱ्यांकडे तिने नुसतं बोट दाखवलं. विटांची भिंत आम्हाला परवडणारी नव्हती आणि वडिलांच्या भाषणांनाही नव्हती.

"कारवीचा कूड घालू," ती म्हणाली. "माज्या बानं घातला तसा."

माहेरून टेम्पो आला. त्यात कारवीच्या काठ्यांचे भारे होते आणि ओहळातला एक काळा, सपाट पाथर होता, ज्याबद्दल मला आधी काहीही सांगितलेलं नव्हतं. पाथर उतरवताना टेम्पोवाल्याची कंबर धरली. पाथर मागच्या अंगणात, शेताच्या कडेपासून लांब, आंब्याच्या रोपाजवळ ठेवला. मग आईने पदर खोचला, खांबांसाठी लाकडी मेढी रोवल्या, आडव्या बांबूंना काठ्या बांधल्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलं. मी शाळेतून आले की काथ्या हातात देत असे. कूड उभा राहिला तेव्हा आई त्याच्या पलीकडे गेली, कुठेतरी डोळा लावला, आत आली आणि एका फटीला शेणाचा आणखी एक गोळा दिला.

आमचं घर नवं, वस्तीही नवी. आईने कूड घातला तेव्हा माघ संपत आला होता, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. आमच्या घरात शिमग्याचा सण होत नसे, तेव्हा त्याची आठवण ठेवायचं कारण नव्हतं. पण शिमग्याला होळीसाठी लाकूड चोरायचं असतं, आणि चोरलेलंच चांगलं जळतं, हे आसपासच्या प्रत्येक पोराला पाठ होतं. कुणाची मोडकी खाट, कुणाचा बैलगाडीचा दांडा. आणि मालकाने बोंब मारली तर ती सणाचाच भाग. त्यामुळे तक्रारीचीही सोय नाही.

आईने त्या कुडाआड जेमतेम आठवडाभर आंघोळ केली असेल. एका सकाळी ती बादली घेऊन मागे गेली आणि परत आली. बादली भरलेलीच होती.

मागे मेढी तेवढ्या उभ्या होत्या. त्यांच्यातून सबंध शेत, रस्ता आणि रस्त्यावरची एसटी दिसत होती. शेणाचं लिंपण मात्र पोरांनी सौजन्याने आमच्याच अंगणात झाडून ठेवलं होतं.

वडील दारात उभे राहिले. मेढींकडे पाहून म्हणाले, "आपण सण सोडला. सणानं आपल्याला सोडलं नाय."

मला वाटलं आई आता कडीच्या न्हाणीघराला शरण जाईल. ती होळीच्या राखेपर्यंत चालत गेली. गावची होळी आमच्या घरापासून लांब नव्हती. तिथल्या दोघांतिघांना तिने ऐकू जाईल असं विचारलं, "चांगली जळली ना रं? माजा हात लागलेला व्हता तिला." येताना ती विचार करत आली आणि घरात शिरता शिरता म्हणाली, "सुकी वई नको. जिती वई लावू."

जिती वई म्हणजे शेराची. शेर ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. पानं जवळजवळ नसतात, हिरव्या पेन्सिलीसारख्या नुसत्या फांद्या, आणि मोडली की पांढरा चीक. हा चीक डोळ्यात गेला तर माणूस दवाखान्यात जातो. शेर दिसायला सुंदर नाही. कुठल्याही बागेच्या पुस्तकात त्याचा फोटो मी पाहिलेला नाही. आईने त्याचे गुण बोटांवर मोजून सांगितले. "ढोरं खात नाय. पोरं तोडीत नाय. होळीत पेटत नाय. आन् जो डोळा लावील त्याच्या डोळ्याची तो जाणं."

पावसाच्या तोंडावर तिने फांद्या आणल्या, दोन दिवस सावलीत ठेवून चीक सुकवला आणि जुन्या मेढींच्या रांगेत, वीत-वीत अंतरावर खोचल्या. आम्हाला वईत फार तर काड्यांची ओळ दिसत होती. आईला भिंत दिसत होती.

शेर घाई करत नाही. एका पावसाळ्यात गुडघा, दुसऱ्यात मांडी. तोवर आईने मेढींना दोऱ्या बांधून त्यांवर जुनी लुगडी सोडली आणि त्यांच्या आड, लुगडं अंगावर ठेवूनच, भल्या पहाटे आंघोळ उरकत राहिली. म्हणजे ओहळावर होती तिथेच ती परत आली होती. फरक एवढाच की पाथर आता तिच्या मालकीच्या जमिनीत होता. मी एकदा म्हटलं, "आई, आत गरम पाणी आहे, नळ आहे."

"तुमच्या नळाला मी नाव ठेवलं का?" ती म्हणाली. "तसं माज्या शेराला तुमी ठेवू नका."

शेर छातीला लागला त्या सुमारास मागच्या शेतात बंगला उठू लागला. शेताच्या मालकाची वीटभट्टी होती, आणि नाशिक हायवे रुंद व्हायला लागल्यापासून भट्टीला रात्रंदिवस धूर होता. सगळे त्याला शेठ म्हणत. आधी आडनावाने हाक मारत, पण बंगल्याचं जोतं उठलं तेव्हा आडनाव गेलं. बंगल्याला वरचा मजला होता, मजल्याला तिन्ही अंगांनी फिरणारी गॅलरी होती आणि गॅलरीच्या कठड्यावर सिमेंटचे सिंह बसणार होते. सिंह पाठीमागेही बसणार होते. ते सगळे आमच्या अंगणाकडे तोंड करून.

बंगला पूर्ण व्हायच्या आधी शेठ आमच्याकडे आला. तो माणूस वाईट नव्हता. चपला दाराबाहेर काढल्या, आईला मावशी म्हणाला, मला बाई म्हणाला. वडिलांनी दाखवलेली कडीही पाहिली. चहा घेतल्यावर म्हणाला, "मावशी, वास्तुशांत करायचीय. मोठी मानसं येनार. तुमची ही लुगडी आन् हा शेर... बरं नाय दिसत वरनं."

"वरनं बघायचंच कशाला?" आई म्हणाली.

शेठ हसला. "तसं नाय. मी काय म्हनतो, शेर काढू. मी तिथं भित घालून देतो. वीट माजी, मजुरी माजी. गिलावा, रंग, समदं. तुमाला एक पैसा नाय."

खरं सांगायचं तर मी आनंदले होते. फुकटची पक्की भिंत, तीही विटांच्या मालकाकडून. वडिलांच्या चेहऱ्यावरही मला त्यांचं तत्त्वज्ञान थोडं सैल होताना दिसलं. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीविरुद्ध आपण बोलू शकतो, ही सोय त्यांच्या ध्यानात आली असावी.

आईने विचारलं, "भित कोनाची म्हनायची?"

"आता माजी वीट म्हंजे... माजीच. पन आडोसा तुमालाच ना."

"तुजी भित आसली तं आमी तिच्या भाईर," आई म्हणाली. "वई माजी आसली तं मी आत. चार पावसाळं मी आत यायला घालवलं, बाबा."

तिने हे आवाज न चढवता सांगितलं. वडिलांनी इतक्या वर्षांत गावकुसावर केलेली भाषणं मी ऐकली होती, आणि त्यांना या वाक्याचा हेवा वाटला असेल तर मला नवल वाटणार नाही.

शेठला ते कळलं नाही किंवा कळून त्याने सोडून दिलं. त्याने शेवटचं कारण काढलं. कल्याणहून वास्तूवाला आला होता. घराच्या ईशान्येला चिकाचं झाड असलं की घरात कटकट राहते, असं त्याने नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं.

शेठने ही एकच चूक केली. वडील पाच वर्षं वईच्या विरोधात होते, पण वास्तुशास्त्राच्या विरोधात ते जन्मापासून होते. ते खुर्चीतून उठले.

"झाडाला चीक असतो तो झाडाच्या कामासाठी," ते म्हणाले. "तुमच्या ईशान्येशी त्याचं काय देणंघेणं? कटकट माणसांमुळे होते, शेठ. शेर काढला तर उद्या तुमचा वास्तूवाला आंबा काढायला सांगेल, परवा आम्हाला." आणि मग, भाषण संपवताना करत तसा उजवा हात उचलून, "शेर राहणार."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बघ गो. माज्या पाठीसाठी नाय उठले. ईशान्येसाठी उठले."

शेठने राग धरला नाही. जाताना वास्तुशांतीचं आमंत्रण दिलं आणि चपला घालता घालता एक वाक्य टाकलं. "मावशी, शेर वाढवाल किती? गॅलरीतनं समदंच दिसतं."

हे मात्र खरं होतं. शेर आता डोक्यावर गेला होता, पण गॅलरी त्याच्याही वर होती. आईने पाथर शेताच्या कडेपासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब, आंब्याजवळ ठेवलेला. आम्ही सगळ्यांनी वरच्या कामगारांकडे मान वर करून पाहिलं. ते आमच्याकडे खाली पाहत होते. एकाने हात हलवला.

आईने त्या दिवशी लुगडी दोरीवरून काढली नाहीत. मी मांडवाचं सुचवलं, वर दोडक्याचा वेल चढवू. "मंग ऊन कुठनं येनार?" एवढंच ती म्हणाली. मग वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी तिने मला सांगितलं, "उद्या तू जेवायला मागनं ये. मी पयली जाते. तू बादली घेऊन अंगनात उभी रा."

"कशाला?"

"मी वरनं बघते ना."

दुसऱ्या दिवशी आई पांढरी साडी नेसून बंगल्यावर गेली. पुढच्या बाजूला मांडव, बँड, लाल फीत आणि फितीच्या दोन्ही बाजूंना उभे केलेले दोन दमलेले कार्यकर्ते. लाउडस्पीकरवर एक माणूस सांगत होता की प्रमुख पाहुणे आसनगावपर्यंत पोहोचलेले आहेत. शहापूरपासून आसनगाव हाकेवर आहे. तरी पाहुणे तासभर आसनगावलाच होते.

आमच्याकडे नवं घर झालं की आलेल्या बायकांना ते सबंध दाखवतात, मोरी-संडासासकट. शेठच्या म्हाताऱ्या आईने माझ्या आईला सगळं दाखवलं. आईने नंतर सांगितलं की वरच्या न्हाणीत एक पांढरी लांब डोण होती, ढोरांना पाणी पाजायची असते तशी. त्यात माणसाने झोपायचं असतं, असं म्हातारीने तिला जरा शरमून सांगितलं. म्हातारी स्वतः अजून त्यात उतरलेली नव्हती.

मी अंगणात आंब्याजवळ पाथरावर बादली घेऊन उभी होते. सकाळची साडी, हातात रिकामी बादली, आणि मी शाळेत चौथीच्या वर्गाला शिस्त शिकवते, हा विचार डोक्यात. गॅलरीत झेंडूच्या माळांमध्ये आई दिसली. शेजारी म्हातारी. आईने हात केला. खाली बस. मी बसले. तिने मान हलवली. दिसतेय. तिने हात डावीकडे हलवला. मी डावीकडे सरकले. दिसतेय. उजवीकडे. दिसतेय. मी घराच्या भिंतीला चिकटून पाहिलं. ती तर चक्क हसली.

म्हातारीला वाटलं की आई मला नमस्कार करतेय. तीही हात हलवू लागली. खालून कुणीतरी दोन बायकांना गॅलरीतून हात करताना पाहिलं आणि ओरडलं की पाहुणे मागच्या रस्त्याने आले. बँड सुरू झाला. फितीजवळचे कार्यकर्ते सावरून उभे राहिले. स्पीकरवरच्या माणसाने आसनगाव सोडलं आणि हार्दिक स्वागत केलं. या सगळ्यात आई शांतपणे मला हात करत राहिली. पुढं ये. आणखी पुढं. वईकडं.

मला ते वेड्यासारखं वाटलं. वई म्हणजे बंगल्याच्या बाजूची हद्द. शेठच्या जितकं जवळ जावं तितकं जास्त दिसणार, असं मी आणि आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तरी मी बसल्या बसल्या, बादली पुढे ढकलत, सिंहांच्या दिशेने सरकत गेले. आईचं डोकं, मग खांदे, मग हलणारा हात. शेराच्या हिरव्या टोकांमागे एकेक खाली उतरत गेलं. वईपासून दोन हातांवर पोहोचले तेव्हा मला आई दिसत नव्हती, म्हातारी दिसत नव्हती, सिंहही दिसत नव्हते. नुसता शेर आणि त्याच्यावर निळं आभाळ.

मी तिथेच बसून राहिले. बँड वाजतच होता. थोड्या वेळाने आई मागच्या दाराने आत आली. तिच्या हातात शेठच्या घरचा पेढा होता. तिने मला बसलेलं पाहिलं, वर पाहिलं आणि टाचेने मातीत फुली मारली.

"हितं," ती म्हणाली. "त्याच्या गॅलरीच्या पोटाखाली. लांब पळून पळून दिसत व्हते मी."

रविवारी आम्ही तिघांनी पाथर हलवला. वडिलांनी पहार घातली, मी बांबूचे तुकडे खाली सरकवत गेले आणि आई रागावत गेली. दुपार व्हायच्या आधी पाथर वईपाशी बसला. आईने चूल पेटवली, हंडा ठेवला. मग दोरीवरची लुगडी एकेक काढून घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"आत जा दोघं," ती म्हणाली.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मागचं दार लावलेलं होतं. तांब्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. आईची आंघोळ आजवर आम्ही ऐकली होती ती तीन तांब्यांत आटपणारी. ही संपेना. वडिलांनी वर्तमानपत्राचं मागचं पानही वाचून संपवलं. मग दाराशी जाऊन विचारलं, "झाली का?"

"पाठ ऱ्हायलीय," बाहेरून आवाज आला.

तेवढ्यात वरच्या गॅलरीचं दार वाजलं. शेठ. वास्तुशांतीनंतरच्या रविवारी माणूस आपली गॅलरी वापरून पाहणारच. त्याला खालून पाणी ओतल्याचा आवाज येत असावा, धूरही दिसत असावा. माणूस कुठे दिसेना.

"मावशी?" त्याने हाक मारली. "ओ मावशी, कुठं हाव?"

वडील पेपर खाली ठेवून उठायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"हितंच हाय रं," आईचा आवाज आला, अगदी त्याच्या पायाखालून आल्यासारखा. "आंघोळ करते. काय काम हाय?"

मग गॅलरीचं दार हळूच बंद झालं, आणि खाली तांब्या पुन्हा हंड्यात बुडला.